न्यूर्नबर्गचं ख्रिसमस मार्केट: डिसेंबरच्या सुट्टीत यायचं असेल तर

एर्लांगनकर

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते, बाकीचं नंतर. ख्रिसमस मार्केट बघायला यायचं असेल तर २५ डिसेंबर धरून तिकिटं काढू नका!! आपल्याकडे मुलांना नाताळची सुट्टी तेव्हाच लागते, रजाही तेव्हाच मिळते, म्हणून बहुतेक जण २३ ला पोचायचं आणि ३१ पर्यंत फिरायचं असा बेत करतात आणि इथे जर्मनीतल्या न्यूर्नबर्गचं मार्केट २४ ला दुपारी दोनला बंद होतं. २५ आणि २६ दोन्ही दिवस सुट्टी, दुकानं बंद, सुपरमार्केटसुद्धा बंद, सगळं गाव आपापल्या घरी. आठ-दहा तासांचा प्रवास करून लहान मुलांना घेऊन आलेली माणसं त्या रिकाम्या चौकात उभी असलेली मी बघितलीयत, फार वाईट वाटतं, म्हणूनच हा धागा.

मार्केट सुरू होतं पहिल्या अ‍ॅडव्हेंटच्या आधीच्या शुक्रवारी. अ‍ॅडव्हेंट म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार, त्यामुळे तारीख दरवर्षी सरकते, २५ नोव्हेंबर ते १ डिसेंबर यांच्या मधे कुठेतरी येते. माझ्या मते सगळ्यात छान काळ म्हणजे डिसेंबरचा पहिला पंधरवडा, सोमवार ते गुरुवार. शनिवारी संध्याकाळी हाउप्टमार्क्टवर (मार्केट भरतं तो मुख्य चौक) पाय ठेवायला जागा नसते, बसेस भरभरून माणसं येतात, स्टॉलवर काय आहे ते दिसतही नाही.

आता मार्केटबद्दल. स्टेशनवरून बाहेर पडलात की समोरच क्योनिगस्टोर, तिथून क्योनिगस्ट्रासने सरळ खाली चालत या, लोरेन्झकिर्शं हे चर्च लागेल, मग पेग्निट्झ नदीवरचा पूल, पुलावर थांबून उजवीकडे बघा, नदीवरच बांधलेलं जुनं हॉस्पिटल आहे (हायलिग-गाइस्ट-श्पिटाल), त्याचे दिवे पाण्यात पडलेले असतात, आणि पूल ओलांडून दोन मिनिटांत हाउप्टमार्क्ट. सगळं मिळून पंधरा मिनिटं. डिसेंबरमधे सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो त्यामुळे साडेचार-पाचला पोचलात तर दिवे लागलेले असतात आणि ऑफिसची गर्दी अजून आलेली नसते.

चौकात साधारण १८० लाकडी स्टॉल, सगळ्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड. त्यावरूनच या मार्केटला 'लाकडाचं आणि कापडाचं छोटं गाव' म्हणतात. नियम कडक आहेत, प्लास्टिकच्या माळा चालत नाहीत, टेप लावलेलं संगीत चालत नाही, त्यामुळे कानावर येतो तो माणसांचा आवाज, मधेच चर्चसमोरच्या स्टेजवर कोणीतरी ट्रम्पेट वाजवतं नाहीतर शाळेतल्या मुलांचा गट गात असतो. मला या मार्केटमधली सगळ्यात आवडती गोष्ट हीच.

एक वस्तू नक्की जवळ जाऊन बघा, सुक्या प्लमची माणसं, त्स्वेच्गनमेनला. तारेत ओवलेले सुके प्लम म्हणजे हातपाय, अंजिरांचं धड, आणि डोकं अक्रोडाचं, त्यावर रंगाने डोळे-तोंड काढलेलं. मग त्याला कपडे. कोणी धुराडं साफ करणारा, कोणी आचारी, कोणी हातात विणकाम घेतलेली आजी. एकदा एका स्टॉलवरच्या बाई आमच्यासमोरच अक्रोडाला भुवया काढत होत्या, अगदी बारीक ब्रश, एक टिंब इकडेतिकडे झालं की चेहरा रागीट होतो म्हणाल्या, आणि खरंच बाजूला ठेवलेले दोघं चांगलेच रागावलेले दिसत होते. लेक तिथून हलायलाच तयार नव्हती.

खाण्यापिण्याचं पुढच्या प्रतिसादात लिहिते, आता मुलीला क्लासहून आणायचंय.

भटकी_चिमणी

वा! पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. २४ ला बंद होतं हे माहितीच नव्हतं, आम्ही २२ ते ३० असाच विचार करत होतो. मुलगा सातवीत आहे, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळा बुडवायची म्हणजे... बघते. ग्लूवाइन म्हणजे नेमकं काय असतं गं?

एर्लांगनकर

@भटकी_चिमणी, शाळा बुडवणं जमत नसेल तर निदान १९-२० ला पोचा म्हणजे तीन-चार संध्याकाळी तरी हातात राहतील. आणि २४ नंतरसाठी म्युनिक किंवा बर्लिनसारखं मोठं शहर ठेवा. काही मार्केट्स नाताळनंतरही चालू असतात पण प्रत्येक गावाच्या अधिकृत साइटवर तारीख बघूनच ठरवा.

ग्लूवाइन म्हणजे रेड वाइनमधे दालचिनी, लवंग, चक्रीफूल, संत्र्याची साल आणि साखर घालून गरम करतात. उकळू द्यायची नाही, ७८ अंशाच्या वर गेलं की अल्कोहोल उडतं. न्यूर्नबर्गला ब्लूबेरीची पण मिळते, हायडेलबेअर-ग्लूवाइन, जास्त गोड, थोडी आंबटसर, थंडीत फार बरी वाटते. मुलांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी किंडरपुन्श, फळांच्या रसाचा, तसाच मसाला घातलेला. सगळं चिनी मातीच्या मगमधे देतात आणि मगचे काही युरो डिपॉझिट आधीच घेतात, त्याला फांड म्हणतात. मग परत केला की पैसे परत, आवडला तर ठेवून घ्या, डिझाइन दरवर्षी बदलतं. सुटे पैसे जवळ असू द्या, कितीतरी स्टॉलवर कार्ड चालत नाही.

नदीवरच्या फ्लाइशब्र्युकं पुलाजवळ फॉयरत्सांगनबोवलंची भली मोठी कढई असते, वाइनवर रममधे भिजवलेला साखरेचा खडा धरून पेटवतात आणि ती साखर वितळून खाली ठिबकते. निळ्या ज्वाळा असतात, नुसतं बघायलाही मुलांना मजा येते.

मांसाहारी असाल तर ड्राय इम वेकला, म्हणजे एका पावात तीन ब्राटवुर्स्ट. इथल्या सॉसेजचा आकार ठरलेला आहे, ७ ते ९ सेंटिमीटर लांब, २० ते २५ ग्रॅम वजन, त्याला २००३ पासून युरोपियन युनियनचं भौगोलिक संरक्षण आहे, आपल्या जीआय टॅगसारखं. शहराबाहेर केलं तर ते नाव लावता येत नाही. डुकराचं मांस आणि मार्जोरम नावाचा पाला, आणि चांगल्या ठिकाणी बीच नावाच्या झाडाच्या लाकडावर भाजतात त्यामुळे धुराचा वास लागतो. पावावर मोहरी लावून उभ्या उभ्या खायचं, बस.

साधा_वरणभात

आम्ही शाकाहारी, साबा (सासूबाई) तर अंडंही खात नाहीत. आमच्यासारख्यांनी यायचं की नाही?

एर्लांगनकर

अर्थातच यायचं! भाजलेले चेस्टनट (मारोनी), साखरेत परतलेले बदाम ज्यांचा वास गल्लीभर येतो, लसूण-सॉसमधे परतलेली मश्रूम्स, बटाट्याचे किसून तळलेले पॅनकेक सफरचंदाच्या मुरंब्यासारख्या सॉसबरोबर. पण त्या बटाट्याच्या पॅनकेकमधे बऱ्याचदा अंडं असतं, म्हणून साबांसाठी विचारूनच घ्या, 'ओनं आय?' म्हणजे अंड्याशिवाय का. क्रेप आणि नूडल्स (श्पेट्झलं) दोन्हीत अंडं. लेबकुखनमधेही (इथली मसाला घातलेली गोड बिस्किटं) बहुधा असतंच, पण वेगान लिहिलेले डबेही मिळतात. साबांना किंडरपुन्श आणि चेस्टनटची गरम पुडी हातात दिली की निम्मी थंडी पळते. संध्याकाळचं जेवण मात्र अपार्टमेंट घेऊन घरीच करा, कुकर नसला तरी खिचडी होतेच.

लेबकुखनबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय. दुकानात सगळेच डबे सुंदर दिसतात, पण घ्यायचे तर एलिझेन-लेबकुखन घ्या. त्यात निदान २५ टक्के सुकामेवा, बदाम-हेझलनट-अक्रोड, असलाच पाहिजे आणि पीठ १० टक्क्यांच्या वर चालत नाही. खाली पातळ पांढरी वेफर असते ती काढायची नाही, खायचीच असते. दालचिनी, लवंग, जायफळ, वेलदोडा, धने, आलं, बडीशेपेच्या जातीतलं अनीस असा मसाला, डबा उघडला की दिवाळीच्या आधी आपल्या स्वैपाकघरात जसा वास दरवळतो अगदी तसं. आणि हे इथेच का, तर न्यूर्नबर्ग व्यापारी रस्त्यांवरचं गाव, व्हेनिसहून आल्प्स ओलांडून मसाले इथे यायचे, आणि गावाबाहेरच्या राइश्सवाल्ड जंगलात मधमाश्या पाळणारे लोक होते त्यामुळे मधही हाताशी. १६४३ मधे लेबकुखन बनवणाऱ्यांचा स्वतंत्र संघ झाला, म्हणजे साध्या पाववाल्यांपासून ते वेगळे झाले. मलबारची मिरी आणि वेलदोडे अरबांच्या जहाजांतून, मग उंटांवरून, मग व्हेनिसच्या गोदामांतून बर्फातल्या या गावात पोचायचे हे आठवलं की मला तो एक लेबकुखन खायला पंधरा मिनिटं लागतात.

गोंयचो_पाव

मसाल्याचा विषय निघालाच आहे तर गोव्याचं आणि न्यूर्नबर्गचं अजून एक नातं सांगतो. प्रसिद्ध चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याच गावचा, किल्ल्याखालच्या टिअरगेर्टनर दरवाज्यापाशी त्याचं घर आहे, १५०९ पासून १५२८ ला वारेपर्यंत तिथेच राहिला, आता म्युझियम आहे. त्याचं ते प्रसिद्ध गेंड्याचं चित्र १५१५ चं. तो गेंडा गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला भेट दिलेला, आल्बुकर्कने गोव्याहून जहाजात घालून पोर्तुगालच्या राजाला पाठवला, मे १५१५ मधे लिस्बनला उतरला. युरोपात कित्येक शतकं कोणी जिवंत गेंडा बघितला नव्हता. लिस्बनहून त्याचं वर्णन न्यूर्नबर्गच्या व्यापाऱ्यांना पत्राने आलं, सोबत स्केच, आणि त्यावरून ड्यूररने प्रत्यक्ष न बघताच लाकडी ठसा कोरला. म्हणून त्याच्या अंगावर चिलखतासारखे पत्रे आहेत आणि मानेवर एक जास्तीचं छोटं शिंगही. बिचारा गेंडा पुढच्या वर्षी पोपकडे पाठवताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. मार्केटमधून चालत वर जाताना ड्यूररचं घर वाटेतच आहे, चुकवू नका. आमच्या मांडवी नदीवरून निघालेलं जनावर तिथे पोचलं, निदान कागदावर तरी.

आमच्याकडे नाताळला नेवऱ्यो, दोदोल, बेबिंक, त्याची ताटं शेजाऱ्यांकडे जातात. तिकडे असं घरोघरी वाटतात का?

एर्लांगनकर

काय सुंदर माहिती दिलीत, गोव्याहून निघाला हे मला नव्हतं माहीत! हो, इथे प्लेट्सशेन म्हणजे छोट्या बिस्किटांचे डबे वाटतात. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी दरवर्षी व्हॅनिलाची चंद्रकोरीच्या आकाराची बिस्किटं दारात ठेवतात, मी त्यांना चकल्या देते, आता त्या नोव्हेंबरपासूनच विचारतात.

रेल्वेवेडा

माझ्यासारखे कोणी असतील तर डीबी म्युझियम (जर्मन रेल्वेचं) स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. जर्मनीतली पहिली वाफेची प्रवासी गाडी ७ डिसेंबर १८३५ ला न्यूर्नबर्गहून फ्युर्टला धावली, इंजिन 'आडलर', अंतर जेमतेम ६ किलोमीटर. आपली बोरीबंदर-ठाणे १८५३ ची, म्हणजे त्यानंतर अवघ्या अठरा वर्षांनी. आडलरची प्रतिकृती म्युझियममधे आहे. आणि मेट्रोच्या यू-२, यू-३ मार्गांवरच्या गाड्या ड्रायव्हरशिवाय चालतात, मुलांना सगळ्यात पुढच्या काचेपाशी उभं करा. विमानतळावरून यू-२ ने स्टेशनला साधारण तेरा मिनिटं.

आजूबाजूला फिरायचं तर बायर्न तिकीट घ्या. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत, बव्हेरियातल्या (न्यूर्नबर्ग याच राज्यात) सगळ्या रीजनल गाड्या दिवसभर, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच चालतं आणि आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांमधे चालत नाही. बांबेर्ग, व्युर्झबुर्ग, रोटेनबुर्ग, तिन्ही एका दिवसात जाऊन येता येतं (वेगवेगळ्या दिवशी हं).

भटकी_चिमणी

आम्ही खरं म्हणजे आठ दिवसांत कलोन, फ्रँकफर्ट, हायडेलबर्ग, न्यूर्नबर्ग, ड्रेस्डेन असं सगळं बसवत होतो. ड्रेस्डेनचं मार्केट १४३४ पासूनचं आहे म्हणतात ना? तेही बघावंसं वाटतंय.

एर्लांगनकर

ड्रेस्डेनचं १४३४ चं खरंच, आणि तिथला श्टोलन केक पण फार छान. पण आठ दिवसांत पाच गावं नको गं. रोज सकाळी बॅगा भरायच्या, गाडी पकडायची, चारला अंधार, मुलं कुरकुरणार, आणि सगळ्या मार्केट्समधे पहिल्या अर्ध्या तासात जे दिसतं तेवढंच दिसणार, म्हणजे दिवे आणि गर्दी. एका गावात चार रात्री राहिलात तर तिसऱ्या संध्याकाळी तुम्हाला कळायला लागतं की कुठल्या स्टॉलवर गावातली माणसं उभी असतात, ऑफिस सुटल्यावर मित्र भेटतात, आजोबा नातवाला घेऊन येतात. हे मार्केट मुळात त्यांच्यासाठी आहे, आपण त्यात जाऊन उभं राहायचं. माझं अगदी मनापासून सांगणं आहे, न्यूर्नबर्ग किंवा ड्रेस्डेन, एकच निवड आणि तिथून जवळपास फिर.

मुलांसाठी हान्स-साक्स-प्लाट्झवर वेगळं मुलांचं मार्केट असतं, जुन्या पद्धतीचा दुमजली चक्रीपाळणा, छोटी वाफेची गाडी, बिस्किटं भाजायची जागा. शेजारीच न्यूर्नबर्गच्या भगिनी-शहरांचे स्टॉल असतात, वेगवेगळ्या देशांचे. आणि डिसेंबरमधे एका संध्याकाळी शाळेतली मुलं स्वतः केलेले कंदील घेऊन किल्ल्यापर्यंत मिरवणूक काढतात, त्या दिवशी तिथे असलात तर बाकी सगळं सोडून ती बघा.

नदीकाठ

चांगला धागा. थोडं वेगळं लिहितो, कारण त्या चौकात उभं राहताना हेही माहीत असावं असं मला वाटतं. हाउप्टमार्क्टवरच्या ज्या फ्राउएनकिर्शंच्या गॅलरीतून क्रिस्टकिंड (देवदूतासारखा पोशाख केलेली मुलगी) मार्केटचं उद्घाटन करते, ते चर्च जिथे आहे तिथे आधी सिनेगॉग होतं. १३४९ मधे सम्राट चौथ्या कार्लच्या परवानगीने ज्यू वस्ती पाडली, शेकडो माणसं मारली आणि त्या जागी हा चौक आणि चर्च झालं. दुपारी बाराला चर्चच्या घड्याळात सात राजपुत्र ज्याच्याभोवती फिरतात तो हाच कार्ल. ते घड्याळ १५०९ चं, सगळे माना वर करून बघतात, मीही बघतो, पण बघताना ते आठवतं.

मार्केटचा सगळ्यात जुना पुरावा १६२८ चा, एक लाकडी डबी, तिच्याखाली लिहिलंय की ती या मार्केटमधून भेट म्हणून पाठवली. जर्मानिशेस नात्सिओनालम्युझेउममधे आहे. पुढे मार्केट गावात इकडून तिकडे हलत राहिलं आणि १९३३ मधे नाझींनी ते मोठ्या थाटात हाउप्टमार्क्टवर परत आणलं, आपल्या प्रचारासाठी. २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुनं गाव जवळजवळ संपलं. १९४८ मधे, आजूबाजूला भिंती पडलेल्या असताना, मार्केट पुन्हा सुरू झालं. आज जे जुनं गाव म्हणून आपण फोटो काढतो त्यातलं बरंचसं नंतर दगडावर दगड रचून उभं केलेलं आहे.

साधा_वरणभात

@नदीकाठ, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. क्रिस्टकिंड म्हणजे बाळ येशू ना? मग फोटोत सोनेरी केसांची मुलगी कशी?

नदीकाठ

मुळात बाळ येशूच, पण प्रॉटेस्टंट भागात भेटवस्तू संत निकोलसऐवजी क्रिस्टकिंड आणतं अशी प्रथा पडली आणि हळूहळू त्याचं देवदूतासारखं रूप झालं. न्यूर्नबर्गला दर दोन वर्षांनी १६ ते १९ वयाच्या मुलींमधून एक निवडतात. ती दोन वर्षं मार्केटमधे तर येतेच, शिवाय हॉस्पिटलं, वृद्धाश्रम, बालवाड्या असे शेकडोंनी कार्यक्रम करते. २०१९ मधे निवडलेल्या बेनिग्ना मुन्सीचे वडील मूळ भारतातले. तिच्या दिसण्यावरून एका पक्षाच्या स्थानिक शाखेने फेसबुकवर घाणेरडी पोस्ट टाकली आणि त्यावर सगळं गाव तिच्या बाजूने उभं राहिलं, महापौरांपासून सगळे. मला त्या वर्षी न्यूर्नबर्गचा अभिमान वाटला.

भटकी_चिमणी

सुरक्षेचं काय हो? माग्डेबुर्गच्या बातमीनंतर घरचे घाबरलेत.

एर्लांगनकर

२० डिसेंबर २०२४ ला माग्डेबुर्गच्या मार्केटमधे गाडी घातली, माणसं गेली, त्यात एक लहान मुलगा होता. इथेही तेव्हा सगळ्यांना धक्का बसला होता. मार्केटच्या वाटांवर गाडी घुसू नये म्हणून अडथळे आणि पोलीस असतात. आम्ही मुलीला घेऊन जातो. पाकीटमारांपासून मात्र सांभाळा, गर्दीत पासपोर्ट आतल्या खिशात.

थंडीचं सांगायचं राहिलं. तापमान शून्य ते पाचच्या आसपास, बर्फ पडेलच असं नाही, पाऊस जास्त शक्य. जॅकेटवर सगळे पैसे घालतात आणि बूट साधे आणतात, आणि खरी थंडी दगडी फरशीतून पायात चढते. जाड तळव्याचे वॉटरप्रूफ बूट, लोकरीचे मोजे, आत थर्मल. साबांना किल्ल्याचा चढ आणि गोट्यांचा रस्ता त्रास देईल, त्यांच्यासाठी घोड्यांची जुनी टपालगाडी असते, चौकाजवळून फेरी मारते, त्यात बसवा. टॉयलेटसाठी सुटी नाणी हवीत.

व्हिसासाठी तारीख सहा महिने आधीपासून घेता येते, उशीर करू नका, दिवाळीनंतर स्लॉट मिळणं कठीण जातं. इन्शुरन्स निदान ३०,००० युरोचा लागतो. हॉटेलं डिसेंबरमधे महाग होतात, गावात नाही परवडलं तर फ्युर्ट किंवा आमच्या एर्लांगनला राहा, गाडीने वीस मिनिटं, आणि एर्लांगनला चौकात झाडंच झाडं लावून केलेलं स्वतःचं छोटं मार्केट आहे.

भटकी_चिमणी

ठरलं. शाळेत बोलले, ५ डिसेंबरपासून सुट्टी मिळतेय, फक्त न्यूर्नबर्ग आणि एक दिवस बांबेर्ग. शेवटचा प्रश्न, ती सुक्या प्लमची माणसं भारतात आणता येतात का? आणि लेबकुखन टिकतात का?

एर्लांगनकर

अरे वा!! ५ ला पोचलात तर रात्री मुलाला बूट दाराबाहेर ठेवायला सांग, ६ ला निकोलस येतो, बुटात संत्रं, अक्रोड, चॉकलेट ठेवायचं काम तुझं.

लेबकुखन पत्र्याच्या डब्यातले काही आठवडे आरामात टिकतात, डब्यात सफरचंदाची एक फोड ठेवली की मऊ राहतात, फोड मात्र दोन दिवसांनी बदल. ग्लूवाइनची बाटली चेक-इन बॅगेत, मगही तिथेच, मोज्यात गुंडाळून. प्लमची माणसं खाण्यासाठी नसतातच, शोभेची, पण आहेत सुक्या फळांचीच, त्यामुळे कस्टम्सच्या नियमात काय बसतं ते निघायच्या आधी बघून घे. आणि मुंबईच्या दमट हवेत ती उघड्यावर ठेवू नकोस, काचेच्या बरणीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेव. माझ्या आईने पुण्यात तशीच ठेवलीय, धुराडंवाला अजून ठणठणीत आहे.